सांगाती आणि घरातून निघून जाणारा माणूस : टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंचं गद्य

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की, नगरच्या ख्रिस्ती साहित्यावर बोलताना तुम्ही सारखे इतिहासात शिरता, त्यातून आजच्या माणसाच्या हाताला काय लागतं ते सांगत नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एकच विषय घेतो आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. ‘देव सदैव बरोबर असतो’ हे आपण एकमेकांना सांगतो, मंदिरात गातो, शोकपत्रावर छापतो. या वाक्याने खरोखर दिलासा मिळतो का, मिळत असेल तर कसा मिळतो, हे मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या दोघांच्या लेखनातून तपासायचं आहे.

सुरुवातीला माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी राहुरीकडच्या एका गावात मातीला गेलो होतो. तरुण मुलगा गेला होता, अपघाताने. दफन झालं, लोक पांगले. मी त्याच्या आईजवळ गेलो आणि सवयीने बोलून गेलो, ‘‘बाई, देव त्याच्याबरोबर होता.’’ तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘बरोबर होता ना सर, मग बघत बसला का नुसता?’’ मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. दुःखाचा प्रश्न, ईश्वराची सर्वशक्तिमत्ता, सगळं वर्गात पस्तीस वर्षं शिकवलेलं. तिथे एक शब्द सुचला नाही. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे आधीच सांगतो. पण तो प्रश्न बाजूला ठेवून या विषयावर बोलणं मला आता जमत नाही.

एक तर ‘सदैव बरोबर’ या कल्पनेतच अडचण आहे. जे सतत असतं ते जाणवत नाही. हवा जाणवते कधी? श्वास कोंडला की. मग जो कधीच दूर जात नाही, त्याच्या जवळ असण्याचं सुख कशावरून वाटणार? आणि दुसरी अडचण उलट बाजूची. सतत कोणीतरी जवळ असणं ही नेहमी सुखाचीच गोष्ट असते असं नाही. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र आपण सांत्वनासाठी वाचतो. पण नीट वाचा, त्यात निम्मा सूर पळू पाहणाऱ्या माणसाचा आहे. आकाशात जावं, अधोलोकात जावं, समुद्रापलीकडे जावं, अंधारात लपावं, तरी हा आहेच. ईयोब तर देवाकडे एवढीच सवड मागतो की आवंढा गिळण्यापुरती तरी नजर माझ्यावरून काढ. पवित्र शास्त्रात देवाच्या सोबतीबद्दल जे लिहिलंय ते आपल्या शोकपत्रांपेक्षा पुष्कळ जास्त प्रामाणिक आहे.

तेविसाव्या स्तोत्रात एक व्याकरणाची गंमत आहे. अभ्यासकांना ती ठाऊक आहे, पण आपण पाठांतराच्या ओघात ती ओलांडून जातो. हिरवी कुरणं, संथ पाणी चाललंय तोवर कवी देवाला ‘तो’ म्हणतो. दरी येते, मृत्यूची सावली येते आणि तिथेच ‘तो’चा ‘तू’ होतो. संकट टळलेलं नाही. दरी तशीच आहे. बदललं फक्त सर्वनाम. मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. सोबत ही देवाबद्दलची माहिती नाही. माहिती ‘तो’मध्ये सांगता येते. सोबत ‘तू’शिवाय सांगताच येत नाही. मी त्या बाईला ‘तो’मध्ये माहिती दिली होती.

आता टिळकांकडे येतो. चरित्र तुम्हाला माहीत आहे म्हणून भरभर सांगतो. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लहानपणीच गेली. वडिलांचं प्रेम फारसं मिळालं नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नवा करार हातात ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाने हा माणूस धरला गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. पुढची बरीच वर्षं नगर आणि राहुरी. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून होतं. नंतर ‘ज्ञानोदय’चं संपादन, शेवटी सातारा, आणि मे १९१९ मध्ये मुंबईत निधन.

टिळकांच्या आधी आपल्या मंदिरांत गाणी नव्हती असं नाही. बॅलंटाईनसाहेबांसारख्या मिशनऱ्यांनी मेहनतीने मराठी गीतं केली, कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत आणली. पण पुष्कळशी गीतं परदेशी चालींवर बेतलेली. मात्रा तिकडची, शब्द इकडचे, आणि दोघांची ओढाताण. त्या गीतांतला देव मराठी बोलायचा, पण पाहुण्यासारखा जपून. टिळकांनी त्याला घरात घेतलं. अभंग वापरला, ओवी वापरली, ‘माउली’ हा शब्द ख्रिस्ताला लावला, आणि मुख्य म्हणजे ते ‘तू’ घरातलं केलं. मराठीत आईला ‘तू’ म्हणतात आणि वडिलांना पुष्कळ घरांत ‘तुम्ही’. टिळकांचा ख्रिस्त त्या आईकडच्या ‘तू’चा आहे. ज्याची आई लहानपणी गेली त्या माणसाने हे करावं, यात मला तरी काही योगायोग दिसत नाही. ‘उपासना संगीत’मध्ये आजही त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे तो केवळ आदरापोटी नाही. म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडता ती गातात म्हणून आहे.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं टिळक म्हणत असत. पूल होता हे खरं. तुकोबांनी देवाला सांगाती म्हटलं, टिळकांनी तोच सांगाती ख्रिस्तात ओळखला. पण पुलावरून येताना काही सामान मागे राहिलं का, हे कोणी तपासत नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचं चरित्र लिहिलं. ते चांगलं आहे, प्रेमाने लिहिलेलं आहे, पण तेही हे तपासत नाही.

माझ्या मते राहिलं. तुकोबा देवाशी भांडतात. त्याला कृपण म्हणतात, निष्ठुर म्हणतात, तू मेलास असं म्हणण्यापर्यंत जातात. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. त्या माणसाने सोबतीची गोष्ट केली तर तिला वजन येतं, कारण सोबत नसल्याची गोष्टही त्यानेच केलेली असते. टिळकांनीही दुष्काळ पाहिला, १८९६ आणि १८९९ चे दोन्ही. प्लेग पाहिला. पोटची मुलं गेलेली पाहिली. पण त्यांच्या अभंगांच्या शेवटी जो ‘दास’ बोलतो, तो क्वचितच भांडतो. मुद्रा बघा. ‘तुका’ हे एका माणसाचं नाव आहे, देहूच्या एका दुकानदाराचं. ‘दास’ हे कोणाचंच नाव नाही. त्यात सोय अशी की कोणीही त्या जागी उभं राहून गाऊ शकतो, म्हणून मंडळीत ते अभंग इतके चालले. तोटा असा की ज्याचं दुखलं तो माणूसच त्यातून गळून जातो. टिळकांच्या कमी प्रतीच्या अभंगांत (आणि शेकड्यांनी अभंग लिहिणाऱ्याचे काही कमी प्रतीचे असणारच) दिलासा संकटाच्या आधी येऊन बसतो. पहिल्या चरणात सांगाती हजर, दुसऱ्यात भीती गेली, तिसऱ्यात आनंद. माणूस अजून घाबरलाही नाही तेवढ्यात त्याची समजूत काढून झालेली असते.

इथे एक आक्षेप जुना आहे, तोही सांगतो. काही मंडळींना वाटायचं की टिळकांची ही जवळीक अद्वैताकडे झुकते. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथून राहुरी लांब नाही, मुळेचं पाणी पुढे प्रवरेलाच मिळतं. तर हा वारा टिळकांना लागला आणि देव ‘बरोबर’ असण्याऐवजी ‘आतच’ झाला, असा तो आक्षेप. मला तो पटत नाही. अद्वैतात शेवटी सोबत उरतच नाही, कारण सोबतीला दोघे लागतात. टिळकांना दुसरा हवाच आहे. हात धरायला दुसरा हात हवा आहे. त्यांच्यावर टीका करायचीच तर ती याच्या उलट करावी लागेल. दुसरा इतका जवळ आला की त्याच्याशी बोलायला मध्ये अंतर उरलं नाही.

पण टिळकांची एक कविता या टीकेतून सुटते. आणि ती धार्मिक कविता नाही. ती तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली आहे, ‘केवढे हे क्रौर्य!’. पारध्याने घायाळ केलेली पक्षीण, पिलांसाठी चारा घेऊन, पडत उठत घरट्यापर्यंत येते. पिलांना तो शेवटचा घास देते आणि प्राण सोडते. त्या कवितेत देवाचा दिलासा नाही. पण मी ती पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा मला वाटतं, सोबत म्हणजे काय हे टिळकांनी ‘दास’ होऊन जितकं सांगितलं नाही तितकं इथे सांगितलंय. पक्षीण पिलांवरचं संकट टाळू शकत नाही. तिला स्वतःवरचा बाणही चुकवता आला नाही. तिला एकच करता येतं, ती घरट्याशी येते. ख्रिस्ती माणसाला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. गुलगुथ्यावर जो होता त्यानेही बाण चुकवला नव्हता. बाविसाव्या स्तोत्रातला एकटं टाकल्याचा आक्रोश त्याच्याच तोंडी आहे. बघत बसणारा देव आणि बाण लागलेला देव, यांत फरक आहे. त्या बाईच्या प्रश्नाला मला एवढंच म्हणता आलं असतं, तेही त्या दिवशी नाही.

आता लक्ष्मीबाई. आजच्या बोलण्यात मला सर्वात जास्त रस इथे आहे.

सदैव बरोबर असणाऱ्या सांगात्याची गाणी ज्याने लिहिली, तो माणूस स्वतः घरातून सारखा निघून जायचा. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे सांगायला नको. न सांगता जाणं, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने येणं, रागाच्या भरात चालू लागणं, नोकऱ्या सोडणं. आणि सगळ्यात मोठं निघून जाणं म्हणजे १८९५ चं. बायकोला नीट कल्पना नाही, लहानगा दत्तू पदरात, आणि नवरा मुंबईत बाप्तिस्मा घेतो. त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी ताटातुटीत काढली. नातेवाइकांच्या घरी, पंढरपूरला, लोकांच्या कुजबुजीत. देव टिळकांच्या बरोबर होता, असं टिळक म्हणतील. पण टिळक लक्ष्मीबाईंच्या बरोबर नव्हते.

कोणी म्हणेल, सर, हे कवितेचं मूल्यमापन नाही, हे घरातलं भांडण उकरणं आहे. कवीच्या वागण्यावरून कविता मोजायची नसते, हे मीच वर्गात शिकवलंय. बरोबर आहे. पण इथे घरातलं सांगणारी शेजारीण नाही, ती स्वतः मराठीतली मोठी लेखिका आहे, आणि तिचं पुस्तक त्या अभंगांइतकंच साहित्य आहे. एकाच घरातून दोन साक्षी आल्या आहेत. एक ऐकायची आणि दुसरी करमणूक म्हणून वाचायची, ही पद्धत मला मान्य नाही. ‘स्मृतिचित्रे’ला आपण विनोदी म्हणून फार गौरवलं. विनोद आहेच. पण तो कोणत्या जागी येतो ते बघा. जिथे दुसरी एखादी लेखिका वचन उद्धृत करेल तिथे या बाईंचा विनोद येतो. मोठ्या दुःखाच्या कडेला त्या काहीतरी बारीक, घरगुती, हसू येईल असं टिपतात आणि पुढे जातात. देव सोबत होता असं त्या वाचकाला उठसूट सांगत नाहीत. सांगण्याची घाईच नाही.

आणि तरीही ते पुस्तक वाचून झाल्यावर, या बाईच्या बरोबर कोणीतरी होतं असं वाटतं. हे कसं होतं?

मला एक गोष्ट लूकच्या चोविसाव्या अध्यायात सापडते. अम्माऊसच्या वाटेवर दोघे चाललेत, तिसरा बरोबर आहे, आणि त्यांना तो ओळखू येत नाही. दिवसभर सोबत आहे पण दिलासा नाही, कारण ओळख नाही. संध्याकाळी भाकर मोडताना ओळख पटते आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मग ते दोघे एकमेकांना म्हणतात की वाटेतच आपल्या आत काहीतरी पेटलं होतं. म्हणजे सोबतीचा अनुभव ती चालू असताना आला नाही. तो मागे वळून बघताना आला. अभंग वर्तमानकाळात बोलतो. तू आहेस, मी आहे. आठवणींचं पुस्तक भूतकाळात बोलतं. म्हणून अभंगाला जे जमत नाही ते ‘स्मृतिचित्रे’ला जमतं. राहुरीला जाण्याच्या सुमारास लक्ष्मीबाईंनी जो विचार केला तोच घ्या. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न स्वतःला विचारून त्यांनी सोवळं सोडलं. सोवळ्याच्या वेडापायी ज्या वडिलांच्या घरात त्यांचं बालपण करपलं, त्यांची ही मुलगी. त्या प्रसंगात काही तेज पसरत नाही, आवाज येत नाही. एक बाई विचार करते आणि ठरवते, आता कोणाच्याही हातचं खाईन. पुढे १९०० मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे प्लेगच्या दिवसांत नगरला आजारी पोरींच्या उशाशी ही बाई बसली. ज्या हाताला एकेकाळी विटाळाची धास्ती होती तोच हात. त्या खोलीत देव होता का, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी म्हणेन, तिथे लक्ष्मीबाई होत्या, तिथून शोध सुरू करा.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञाचं इथे मला स्मरण होतं. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा तपास घ्यायचं काम करायचा. कागदावर फक्त नाव आणि तुकडी, आणि समोर त्याची आई. त्या अनुभवातून तो पुढे म्हणायला लागला की हजर असणं ही जागेची गोष्ट नाही. एकाच खोलीत शेजारी बसलेला माणूस माझ्यापासून लांब असू शकतो आणि लांबचा किंवा गेलेला मित्र हजर असू शकतो. हे टिळक पतिपत्नींना लावून बघा. पाच वर्षांच्या त्या ताटातुटीत दोघं एकमेकांसाठी हजर होते की गैरहजर? ‘स्मृतिचित्रे’ वाचून मला याचं एक उत्तर देता येत नाही. दोन्ही खरं आहे.

आपल्याकडच्या नैयायिकांनी अभावाचा फार बारीक विचार केलाय. जमिनीवर घडा नाही हे कोणाला दिसतं? जो घडा शोधतोय त्याला. बाकीच्यांना नुसती जमीन दिसते. अभावाला नेहमी प्रतियोगी लागतो, म्हणजे कशाचा तरी अभाव असावा लागतो. ‘देव कुठे होता’ असं विचारणारी आई देवाला शोधत असते. ज्याला तो नकोच आहे तो हा प्रश्न विचारतही नाही. इथपर्यंत न्यायशास्त्र मला नेतं. पण यावरून देव तिथे होता हे सिद्ध होतं का? नाही. घडा शोधला म्हणून घडा सापडत नाही. माझे काही धर्मोपदेशक मित्र इथे उडी मारतात आणि म्हणतात, तिची तक्रार हीच तिची श्रद्धा. मी ती उडी मारत नाही. तक्रार ही तक्रार आहे, तिला तेवढं राहू द्यावं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी त्याच्या शेवटी दिव्याची ओळ जोडली नाही. आपणच का जोडतो?

तर मग टिळकांचे अभंग आपण सांत्वनासाठी गायचे की नाही? गायचे, पण कधी ते बघून. मातीच्या दिवशी, पहिल्या तासात, ते गाणाऱ्यांसाठी असतात, दुखावलेल्यासाठी नाही. वर्ष दोन वर्षांनी तेच शब्द तिच्या तोंडून तिच्याच वेळी आले तर त्यांना ‘तुका’चं वजन येतं. मग ‘दास’ची जागा रिकामी राहत नाही, तिथे एक नाव-गाव असलेली बाई उभी असते. टिळकांनी मुद्रा निवडताना हाच विचार केला असेल का? कोणी सांगावं. माझी टीका इथे थोडी मागे घेतो.

शेवटी ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत, ज्ञानेश्वरांच्या छंदात लिहायचं टिळकांनी घेतलं आणि दहा-अकरा अध्याय झाल्यावर ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षर शिकलेल्या बाईने. त्या १९३६ मध्ये गेल्या, शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने पुरा केला आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला. आयुष्यभर जो निघून जायचा त्याचं अर्धं राहिलेलं काम तिने वर्षानुवर्षं, ओवीमागून ओवी, त्याच्या पश्चात चालवलं. समीक्षक म्हणून मला हे अध्याय असमान वाटतात. काही ठिकाणी ओवी नुसती चालते, उठत नाही. पण बायका जिथे येतात, मार्था, मरिया, विहिरीवरची शोमरोनी बाई, तिथे बाईंची ओवी टिळकांच्या पुढे जाते. तिथे पाणी भरण्याचा, भाकरी भाजण्याचा, वाट बघत बसण्याचा अनुभव आहे. वाट बघणं तर त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

प्रत मिळाली तर एक करून बघा. कोणाचा हात कुठे थांबला आणि कोणाचा कुठे सुरू झाला, हे अनुक्रमणिकेत आधी न बघता वाचत जा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती जागा मला चुकली होती. दोन अध्याय पुढे गेल्यावर ध्यानात आलं की टिळक मघाशीच गेलेत आणि आपण बाईंबरोबर चाललो आहोत.

एवढंच. काही प्रश्न आलेत असं दिसतंय, ते घेऊ या.